आपाची दुसरी इद्दत

लातूर जिल्हा झाला आणि आम्ही नांदेड सोडलं. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या लागल्या, कचेऱ्यांना गाड्या लागल्या आणि गाड्यांना ड्रायव्हर. माझे अब्बा सरकारी ड्रायव्हर होते. नांदेडला ते एका साहेबांची जीप चालवायचे. लातूरला आलो त्याच सुमारास पावसानं दगा द्यायला सुरुवात केली आणि अब्बांच्या हातात जीपऐवजी पाण्याचा टँकर आला. सकाळी फज्रची नमाज झाली की ते निघायचे. दुपारी जेवायला घरी आले तर टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा असायचा आणि त्याच्या तोटीतून थेंब थेंब पाणी गळत राहायचं. गल्लीतल्या बायका त्या थेंबांखाली तांब्या नेऊन ठेवायच्या. आमच्या अम्मीला तेवढीही परवानगी नव्हती. "ते पाणी गावाचं आहे," अब्बा म्हणायचे, "आपलं नाही." रांजणात तळाला बोटभर पाणी असायचं आणि दाराशी हजारो लिटर उभं असायचं. अम्मी ओठ मिटून ज्वारीचं पीठ मळायची. अंबाडीची भाजी, लसणाची चटणी, भाकरी आणि मोजून एक पेला पाणी. अब्बांना मी कडक म्हणणार नाही. हराम आणि हलाल यांच्यामध्ये त्यांना एक भिंत दिसायची, इतरांना तिथं मोकळं मैदान दिसत असलं तरी.

घरात आम्ही दखनी बोलायचो. इथं मराठीत लिहितेय, कारण नंतर जन्मभर शाळेत मी मराठीच शिकवली आणि आता आठवणीसुद्धा त्याच भाषेत येतात. फक्त आपाचा आवाज मात्र अजून दखनीतच ऐकू येतो. आपा म्हणजे नफीसा, माझी मोठी बहीण. आम्ही दोघीच. ती माझ्याहून बरीच मोठी, उंच, सावळी, आणि तिची नमाज कधी चुकली नाही. मी आळस केला की ती रागवायची नाही. नुसती मुसल्ल्याची, नमाजच्या चटईची, अर्धी बाजू माझ्यासाठी मोकळी ठेवायची आणि वाट बघायची.

बाकर आमच्या घरी आला तो अब्बांच्याच हाताला धरून. तो हापसे दुरुस्त करणारा मेकॅनिक होता, नांदेडचा, दुष्काळामुळं लातूरच्या गावांवर पाठवलेला. ज्या गावचा हापसा कोरडा पडायचा त्या गावाला टँकर जायचा, म्हणून त्या दोघांची रोज कुठं ना कुठं गाठ पडायची. अब्बांना तो आवडला, कारण तो हापसा उघडण्याआधी बिस्मिल्ला म्हणायचा आणि गावच्या पाटलाकडं चहासुद्धा प्यायचा नाही. एक दिवस त्यांनी त्याला जेवायला आणलं. असरच्या, दुपारनंतरच्या नमाजची वेळ झाली म्हणून अब्बांनी ओसरीत दोन मुसल्ले शेजारी शेजारी अंथरले. मी दाराआडून बघत होते. बाकरनं खिशातून मातीची एक लहानशी गोल टिकली काढली, मुसल्ल्यावर जिथं कपाळ टेकतं तिथं ठेवली, आणि हात पोटावर न बांधता सरळ खाली सोडून उभा राहिला. अब्बांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तो शिया होता. आम्ही सुन्नी. नमाज संपल्यावर अब्बा बराच वेळ तसबीहचे मणी ओढत बसले. मग उठून आत आले आणि अम्मीला म्हणाले, "ताट वाढ. मेहमान आहे."

त्यानंतर तो येत राहिला. आपाशी त्याचं बोलणं झालेलं मी कधी ऐकलं नाही. पण तो यायचा त्या दिवशी आपा ओसरी दोनदा झाडायची. वर्षभरानं त्यानं अब्बांना विचारलं, सरळ, टँकरमध्ये शेजारी बसून. बातमी नातेवाइकांत गेली. मामू आले, नांदेडहून अब्बांची बहीण, आमची फुफी आली. "पोरगी पाण्यात ढकल, पण तिकडं देऊ नको," फुफी म्हणाली. अब्बांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि काझीसाहेबांकडं गेले. म्हातारे काझीसाहेब किताबी माणूस होते. त्यांनी सांगितलं की दोघंही कलमा वाचतात, रसूल एक, कुराण एक, निकाह जायज आहे. मुलगी आपल्या मसलकवर, आपल्या पंथाच्या रीतीवर राहील, मुलगा त्याच्या. जे किताबात जायज आहे ते अब्बांनी कधी नाकारलं नाही. घरी येऊन त्यांनी आपाला बोलावलं आणि विचारलं, "तुझी मर्जी?" आपानं मान खाली घातली. तिचे कान लाल झाले होते.

निकाह दोनदा वाचला गेला. आधी आमच्या काझीसाहेबांनी, दोन साक्षीदार बसवून. मग हैदराबादहून आलेल्या त्यांच्या मौलानांनी त्यांच्या पद्धतीनं, अरबीत, दोन्हीकडचे वकील, म्हणजे त्यांच्या वतीनं बोलणारे, समोरासमोर बसवून. आपानं दोनदा हो म्हटलं. बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या, "एका नवऱ्याशी दोन लग्नं!" पाणी नव्हतं म्हणून दालचा-खाना कमी माणसांत उरकला. शेजारच्या महानंदाकाकूंनी त्यांच्या विहिरीचं पाणी दिलं. काकू लिंगायत, उदगीरकडच्या, त्यांचं किराणा दुकान होतं. बोलताना मध्येच कानडी शब्द यायचा. मटणाच्या वासानं त्या आत येत नसत, पण त्या दिवशी नाकाला पदर लावून दारात उभ्या राहिल्या आणि आपाला म्हणाल्या, "नफीसा, माझे अव्वा, दोनदा लागलंय तुझं लगीन, आता लई पक्कं झालं बघ."

लग्नानंतर बाकरची बदली परत नांदेडला झाली. मी त्याला दूल्हाभाई म्हणायला लागले. त्यांचं घर जुन्या नांदेडात, एका अरुंद बोळात. दूल्हाभाई, त्याची विधवा आई, म्हणजे अम्माजान, आणि आपा, एवढीच माणसं. सुट्टी लागली की मी तिकडं जायची. त्या घराचे आवाज वेगळे होते. आमच्याकडं सकाळी भांड्यांचा आवाज, तिकडं अम्माजान पहाटे दुआ वाचायच्या त्याचा. मोहर्रममध्ये बायकांची मजलिस भरायची, काळे कपडे घातलेल्या बायका दाटीवाटीनं बसायच्या, एक जण करबलाच्या शहिदांचं सांगायला लागली की सगळ्या खोलीतून हुंदका उठायचा, जणू घरातलंच कोणी आज सकाळी गेलंय. आपा त्यांच्यासोबत छाती पिटायची नाही, पण चुलीपाशी बसून मजलिसचा तबर्रुक, वाटायचा प्रसाद, रांधताना तिचे डोळे वाहत असायचे. एकाच खोलीत अम्माजान मातीच्या टिकलीवर कपाळ टेकायच्या आणि आपा हात बांधून उभी राहायची. अम्माजानची जीभ तिखट होती, पण आपाला ताप आला तेव्हा त्यांनीच रात्रंदिवस उशाशी बसून तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. दूल्हाभाई संध्याकाळी भोकरकडून, उमरीकडून यायचा, हात ग्रीसनं काळे झालेले, आणि आपा त्याच्या हातावर राख आणि रॉकेल घालून ते चोळून काढायची. त्या वेळी ती दोघं काही बोलायची नाहीत. मला वाटायचं, लग्न म्हणजे हेच असणार.

ती दिवाळीची सुट्टी होती. पावसाळा कोरडाच गेला होता, कार्तिकातच विहिरी तळाला लागल्या होत्या. मामूच्या मुलीचं लग्न निघालं होतं, आणि मी आपाला लातूरला घेऊन जायला आले होते. अडचण अशी, की मोहर्रमचे दिवस सरले की आमच्याकडं काही आठवड्यांत लग्नाकार्याची बोलणी पुन्हा सुरू होतात. त्यांच्याकडं गम दोन महिने चालतो आणि वर आणखी काही दिवस. तेवढ्या काळात त्या घरात कोणी नवा कपडा घालत नाही, मेंदी लावत नाही. अम्मीनं माझ्याजवळ आपासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या पाठवल्या होत्या. दुपारी अम्माजान पडल्या होत्या म्हणून आपानं त्या नुसत्या घालून बघितल्या. मग काढायच्या राहून गेल्या, आणि ती पीठ मळायला बसली. पीठ मळताना बांगड्या वाजतात. अम्माजान उठून बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भिंतीला टेकून रडायला लागल्या, "या घरात गमीत कधी बांगडी वाजली नव्हती."

तेवढ्यात दूल्हाभाई आला. नेहमीपेक्षा लवकर आला होता. भोकरकडच्या कुठल्या तरी गावात त्यानं सकाळपासून हापशाचे पाइप उतरवले होते आणि खाली पाणीच नव्हतं. गावातल्या लोकांनी त्याची वाट अडवून त्याला शिव्या दिल्या होत्या. हे त्यानं नंतर सांगितलं. तेव्हा त्याला फक्त रडणारी आई दिसली आणि बायकोच्या हातातल्या बांगड्या.

"काढ त्या," तो म्हणाला.

"काढते. हात पिठाचे आहेत."

"आधी काढ."

आपा उठली. तिचाही दिवस वाईट गेला असावा, किंवा दोन वर्षांचं काही साठलं असावं. ती म्हणाली, "तुमच्या रडण्यात मी दोन वर्षं रडतेय. माझ्या घरी एक लग्न आहे, तिथं एकदा हसू द्या मला. आमच्या लोकांनी तुमच्या गमीला कधी नाव ठेवलं नाही."

"आमच्या, तुमच्या! मग जा तुझ्या लोकांकडं."

"जाईन."

"जा. तलाक आहे तुला. तलाक. तलाक."

मी रांजणापाशी उभी होते. अम्माजानचं रडणं थांबलं. दूल्हाभाईनं बाजेवर बसून डोकं धरलं. त्याच्या चेहऱ्यावर एवढंच होतं, की आपण फार वाईट बोललो. त्याच्या लेखी ती शिवी होती. त्यांच्या फिकहमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, असा तलाक नसतो; रागात, साक्षीदारांशिवाय, अशा शब्दांत दिलेला तलाक म्हणजे वारा. तो शेजारपाजारच्या सुन्नी घरांत ऐकलेला शब्द त्याच्या तोंडून निघाला होता. आपाच्या लेखी मात्र सगळं संपलं होतं. तिनं पिठाचे हात ओढणीला पुसले, आणि ती ओढणी डोक्यावरून पुढं ओढून चेहऱ्यावर घेतली. आम्ही मुली परक्या पुरुषासमोर घेतो तशी. तिला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. तो वर बघेपर्यंत तिचा चेहरा झाकला गेला होता.

"नफीसा, हे काय करतेस? माझं डोकं फिरलं होतं. आपल्यात याला काही अर्थ नाही."

"तुमच्यात नाही," ओढणीच्या आतून आपा म्हणाली.

"ऐकलं कुणी? शमीमनं?" त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. "ती लहान आहे."

"ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं."

अम्माजान उठल्या, आपाच्या पायाशी बसल्या, तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "बांगड्या घाल बाई. सगळ्या घाल. मी काही बोलणार नाही." आपानं त्यांचे दोन्ही हात धरून चुंबले. पण त्या रात्री ती त्यांच्या खोलीत, मला मध्ये घेऊन झोपली, आणि सकाळी आम्ही निघालो. दूल्हाभाई आमच्या मागून चालत होता, आपाची पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन, चार हातांचं अंतर ठेवून. तेवढं अंतर त्यानं स्वतःहून ठेवलं होतं. स्टँडवर त्यानं तिकिटं काढली, पेटी वर टपावर चढवली, खिडकीखाली येऊन उभा राहिला. आपानं त्याच्याकडं बघितलं नाही. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूरला गाडी थांबली तेव्हा एक म्हातारी चढली आणि आपाला म्हणाली, "माहेरी निघालीस काय बाय?" आपानं मान हलवली, आणि तिथून लातूर येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

अब्बांना तिनंच सांगितलं. लपवता आलं असतं. आम्ही लग्नाला आलोय असंच सगळ्यांना वाटत होतं. अब्बा जेवत होते. त्यांनी घास ताटात ठेवला, तीनदा विचारलं, काय शब्द, किती वेळा, शुद्धीत होता का. मग हात धुतले आणि काझीसाहेबांकडं गेले. परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला पाठ आहे, कारण पुढं आमच्या घरात कित्येक महिने तेच चालू राहिलं. हनफी, म्हणजे आमच्या मसलकप्रमाणं तलाक पडला, तीनही पडले, आता तो तिला परका. शिया फिकहप्रमाणं काहीच घडलं नाही, ती त्याची बायको आहे. अब्बांनी काझीसाहेबांना विचारलं होतं, "निकाहच्या वेळी हे का नाही सांगितलंत?" त्यावर काझीसाहेब म्हणाले होते, "तुम्ही निकाहचं विचारलंत. लग्नाच्या दिवशी तलाकचं कोण विचारतं?"

आज मला त्या म्हाताऱ्या माणसाचाही राग येत नाही. दोन्ही किताबं खरी होती, आणि माझी बहीण त्या दोन्हींच्या मध्ये उभी होती.

दूल्हाभाई आला. बैठकीत बसला, अब्बांच्या पायांना हात लावला, रडला. अब्बांनी त्याला पाणी दिलं, स्वतःच्या हातानं. "बेटा, तू माझा गुन्हेगार नाहीस," ते म्हणाले, "पण ती आता तुझी नाही." तो म्हणाला, "आमच्या मौलानांना विचारा, ती माझी आहे." दोघंही खरं बोलत होते आणि दोघांचाही आवाज चढत नव्हता. कोणीतरी सुचवलं की दुसऱ्या कुणाशी एक दिवसाचा निकाह लावून तिला परत हलाल करून घ्या. अब्बांनी त्या माणसाला उठवून दारापर्यंत नेलं आणि पुन्हा घरी येऊ नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या एका मौलवींनी सांगितलं, एका बैठकीतले तीन म्हणजे एकच, अजून परत घेता येईल. अम्मीचा चेहरा उजळला. अब्बा म्हणाले, "जन्मभर एका रस्त्यानं चाललो. आज अडचण आली म्हणून दुसरा धरू?" तेव्हा अम्मी, जी त्यांच्यासमोर कधी बोलली नव्हती, ती बोलली. "तुमचा रस्ता तुमच्याजवळ ठेवा. पोरीला जिथं दार उघडं आहे तिथून जाऊ द्या. होऊ दे तिला त्यांच्यातली. तिकडंही अल्लाहच आहे ना?"

अब्बांनी आपाला हाक मारली. मला वाटलं होतं ते धमकावतील. ते म्हणाले, "तुझी अम्मी म्हणते तसं करायचं असेल तर कर. मी अडवणार नाही. या घराचं दार तुला बंद होणार नाही." माझ्या अब्बांसाठी हे वाक्य किती अवघड होतं, ते मला फार उशिरा कळलं.

आपा म्हणाली, "अब्बा, त्यांच्यातलं खरं वाटून मी गेले असते तर लग्नाच्या दिवशीच गेले असते. आता नवरा पाहिजे म्हणून जाऊ? मुसल्ल्यावर उभी राहून काय सांगू?"

ती इद्दतीला बसली. तलाक झालेल्या बाईनं तीन पाळ्या होईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, सजायचं नाही. आपा मागच्या खोलीत बसून गल्लीतल्या पोरींचे फ्रॉक शिवायची. त्याच दिवसांत आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा हापसा, जो जड झाला होता आणि पन्नास हापके मारल्यावर गढूळ धार सोडायचा, तो एका शुक्रवारी हलका झाला. मी शाळेतून आले तर बायकांची रांग लागली होती. काकू म्हणाल्या, "तुझा दूल्हाभाई येऊन गेला. नांदेडाहून पान्हे घेऊन आला, पाइप वाढवला, वॉशर बदलला, पाणीसुद्धा न्हाई पिला." अब्बांनी ऐकलं. "तो आता जावई नाही, काकू." काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. "मग काय म्हणू भाईसाब त्याला? तुमी सांगा, तसं म्हणते." तो अधूनमधून येत राहिला. घरी यायचा नाही. हापशाचा दांडा वर-खाली होण्याचा आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्याचा, की मागच्या खोलीतलं शिवणयंत्र थांबायचं. आवाज बंद झाला की थोड्या वेळानं ते पुन्हा सुरू व्हायचं.

इद्दत संपली, उन्हाळा लागला, आणि तो येतच राहिला. उदगीरचं एक स्थळ आपासाठी येऊन गेलं. पण दूल्हाभाईच्या मौलानांच्या लेखी ती अजून त्याची बायको होती. तेव्हा आपानं त्याला बोलवायला सांगितलं. मधल्या दाराला पडदा होता. ती पडद्याआड बसली, तो बैठकीत. अम्मी तिच्याजवळ, अब्बा त्याच्याजवळ, आणि मी उंबऱ्यावर, म्हणून मला दोन्हीकडचं दिसत होतं.

"मला दुसरं लग्न करायचं नाही," आपा म्हणाली. "त्यासाठी बोलावलं नाही. पण माझ्या हिशोबानं मी परकी आणि तुमच्या हिशोबानं मी बायको. एका बाईला असं दोन्ही राहता येत नाही. तुमच्या पद्धतीनं मला सोडा. निदान एका गोष्टीत तरी आपण दोघं एका जागी असू."

तो म्हणाला, "हेच पाहिजे तुला?"

"हौ."

तो परत आला तेव्हा त्याच्यासोबत मौलाना होते आणि त्याच्या मोहल्ल्यातले दोन पांढऱ्या दाढीचे, सचोटीचे म्हणून नाव असलेले गृहस्थ. त्यांच्याकडं हे काम किती सावकाश करतात ते मी त्या दिवशी पाहिलं. मौलानांनी पडद्याआडून विचारलं, बाई पाक आहे का, पाळीचे दिवस नाहीत ना. अम्मीनं हो सांगितलं. मग ते दूल्हाभाईकडं वळले. "कुणाची जबरदस्ती?"

"नाही."

"रागात आहेस?"

त्यानं पडद्याकडं पाहिलं. "नाही," तो म्हणाला, "आज राग नाही."

राग होता त्या दिवशीचं त्यांच्या किताबात काही लिहिलं गेलं नव्हतं. राग नव्हता म्हणून हे लिहिलं जाणार होतं. मौलाना अरबी शब्द एकेक सांगत होते आणि तो म्हणत होता. अर्ध्यावर त्याचा शब्द तुटला. मौलाना हळू आवाजात म्हणाले, "बेटा, तुटलेला चालत नाही. पुन्हा सुरुवातीपासून." त्यानं पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. ते दोन म्हातारे मान खाली घालून ऐकत होते. त्यातल्या एकाच्या दाढीवर पाणी ओघळत होतं. पडद्याच्या अलीकडं आपा ताठ बसली होती, हात मांडीवर, तळवे वर केलेले, दुआ मागताना असतात तसे. सगळं झाल्यावर अब्बांनी दूल्हाभाईला उठवलं. त्याच्या खांद्यावर हात टाकून ते त्याला बाहेर घेऊन गेले, टँकरमध्ये शेजारी बसवलं आणि स्टँडवर सोडायला गेले. त्या दिवशी टँकर गावाला उशिरा पोचला. अब्बांच्या नोकरीत असं तेवढं एकदाच झालं.

दुसऱ्या सकाळी आपा पुन्हा मागच्या खोलीत जाऊन बसली. अब्बा म्हणाले, "बेटी, तुझी इद्दत कधीच संपली."

"ती माझ्या हिशोबाची होती," ती म्हणाली. "ही त्यांच्या."

अम्मीनं वाद घातला नाही. जाताना मौलानांनी उंबऱ्यापाशी अम्मीला एक गोष्ट सांगितली होती, ती मला बऱ्याच वर्षांनी कळली. त्यांच्या फिकहमध्ये असा पहिला तलाक दिल्यावर इद्दत संपेपर्यंत दार उघडं असतं. नवरा एका शब्दानं बायकोला परत घेऊ शकतो. निकाह लागत नाही, साक्षीदार लागत नाही, नुसतं म्हटलं की पुरे. हे आपाला माहीत होतं का? अम्मीनं तिला सांगितलं होतं का? मी दोघींना कधी विचारलं नाही. एवढंच आठवतं, की त्या दुसऱ्या इद्दतीत रमजान आला, ईद आली, अम्मीनं शीरखुर्मा केला आणि दिवसभर पुढचं दार लावलं नाही. आणि गल्लीतला हापसा पुन्हा जड झाला तरी दुरुस्त करायला कोणी आलं नाही. दूल्हाभाईनं त्या दिवशी स्टँडवर अब्बांना शब्द दिला होता की तो आता या गल्लीत पाऊल ठेवणार नाही. अब्बांनी मागितला नव्हता. त्यानंच दिला, आणि पाळला.

इद्दत संपली त्या दिवशी आपानं नहाणीत जाऊन आंघोळ केली, पाणी मोजकंच होतं, आणि केस पुसत ओसरीत येऊन बसली. काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "नफीसा, झालं का गं एकदाचं?" आपा म्हणाली, "हौ काकू. झालं." मग तिनं मला बोलावलं आणि माझी वेणी घालायला घेतली. नेहमीपेक्षा घट्ट घातली. डोकं दुखत होतं तरी मी हललेसुद्धा नाही.

तिनं खरंच दुसरं लग्न केलं नाही. गल्लीतल्या, मग शहरातल्या कितीतरी पोरींना तिनं शिवण शिकवलं. अम्मी आणि अब्बा गेल्यावर ती माझ्याकडं राहायला आली, माझी मुलं तिनंच वाढवली. दूल्हाभाईनं पुढं आईच्या हट्टानं त्यांच्यातलीच मुलगी केली आणि तो हैदराबादला गेला, एवढं कानावर होतं. आपा त्याचं नाव घेत नसे. टाळत होती असंही वाटायचं नाही. एखाद्या लांबच्या गावाचा विषय निघू नये तसा तो निघायचा नाही.

काही वर्षांपूर्वी नांदेडला एका लग्नात मला त्यांच्या मोहल्ल्यातली एक बाई भेटली. तिनं सांगितलं, तो गेला. हृदयविकारानं, हैदराबादेत, बरेच महिने झाले. घरी आल्यावर मी आपाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. तिचे केस तोवर सगळे पांढरे झाले होते.

तिनं हात ओढणीला पुसले. मग म्हणाली, "शम्मो, तू शिकलेली आहेस. मला एक मसला सांग. मी त्यांची कोणी नाही, त्यांच्याकडूनही नाही, आपल्याकडूनही नाही. मला त्यांच्यासाठी रडता येईल का?"

मला किताबं ठाऊक नाहीत. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "रड, आपा."

ती दिवस मावळेपर्यंत रडली. मी दार लावून घेतलं होतं, पण आवाज बाहेर जात असणार. माझी सून, जी आपाला खाला म्हणते, आतून आली, घाबरून विचारायला लागली, "काय झालं अम्मी, कोण गेलं? खालांचं कोण होतं?"

मी तिला म्हटलं, "बस इथं. सांगते."